नेत्रदाब १० असूनही वाढत गेलेला काचबिंदू: सांगलीतील एका दिवाणजींचे प्रकरण

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानावर चाळीस वर्षे हिशेब लिहिणारे एक गृहस्थ फेब्रुवारी २०२२ मध्ये माझ्याकडे आले, तेव्हा त्यांची तक्रार ‘कमी दिसते’ अशी नव्हती. खतावणीतील रकमांची उभी बेरीज करताना ज्या आकड्यावर बोट ठेवावे त्याच्या वरचा, जरा उजवीकडचा आकडा पुसल्यासारखा होतो आणि मान किंचित हलवली की तो परत जागेवर येतो, असे त्यांनी सांगितले. एवढ्यावर न थांबता त्यांनी माझ्या टेबलावरचा कोरा कागद ओढून पाच रकमा एकाखाली एक लिहिल्या आणि पेनाच्या टोकाने नेमकी जागा दाखवली. तासाभराने फील्ड टेस्टचा (नजरेच्या टप्प्यात कुठे दिसत नाही ते मोजणाऱ्या तपासणीचा) कागद हातात आला, तेव्हा मशीनने काळा ठिपका त्याच जागी काढला होता. बाजारात त्यांना सगळे ‘दिवाणजी’ म्हणतात, म्हणून इथेही तसेच म्हणतो. हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दिवाणजींचे वय तेव्हा ७१ होते. उजवा डोळा लहानपणापासून मंद, त्याची दृष्टी ६/६०; सगळे लिहिणे-वाचणे आयुष्यभर डाव्या डोळ्यावर झालेले. केसपेपरवर ही गोष्ट एका ओळीत मावते, पण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्याच दडपणाखाली घेतला गेला. दोन्ही डोळे कामाचे असतात तेव्हा एका डोळ्यात गळालेली जागा दुसरा डोळा भरून काढतो, आणि म्हणूनच काचबिंदू वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. इथे भरून काढणारा दुसरा डोळाच नव्हता. बारा वर्षांपासून उच्च रक्तदाब होता आणि त्यासाठी दोन प्रकारच्या गोळ्या चालू होत्या. प्रोस्टेटच्या त्रासासाठी टॅमसुलोसिनची गोळी दोन वर्षांपासून होती. मधुमेह नव्हता. घरच्यांची समजूत अशी की हा मोतीबिंदू असणार, जरा पिकला की काढून टाकू. मोतीबिंदू होताही, पण अगदी सुरुवातीचा. आणि मोतीबिंदूने सगळे पान धूसर होते, पानावरचा एकच आकडा पुसला जात नाही.

डाव्या डोळ्याचा दाब १५ निघाला, उजव्याचा १४. सर्वसाधारणपणे १० ते २१ मिलिमीटर हा नेत्रदाब स्वाभाविक मानला जातो, म्हणजे आकडा पाहून कोणीही निश्चिंत व्हावे. (इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण ओपीडीत ती रोज समजावून सांगावी लागते: डोळ्याचा दाब आणि रक्ताचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढला म्हणजे दुसराही वाढलाच, असे नसते. या प्रकरणाचे मर्म मात्र त्या दोघांच्या वजाबाकीत आहे.) बुबुळाची जाडी ५१० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे थोडी कमी होती, त्यामुळे खरा दाब मोजलेल्यापेक्षा किंचित जास्त धरायला हवा होता. डोळ्यातील पाण्याचा निचरा होतो तो कोन उघडा होता. बाहुली मोठी करून डोळ्याची नस (दिसलेले मेंदूकडे नेणारी) पाहिली, तेव्हा डिस्कमधला, म्हणजे नसेच्या गोल तोंडामधला, खळगा ०.८ पर्यंत वाढलेला होता, खालच्या बाहेरच्या कडेला खाच पडली होती, आणि त्या खाचेजवळ, घड्याळाच्या पाचच्या काट्यावर, काडीने ओढावी तशी रक्ताची बारीक लाल रेघ होती. ही रेघ दोन-तीन महिन्यांत विरून जाते, म्हणून ती दिसायलाही योग लागतो. पण दिसली तर ती काचबिंदू पुढे सरकत असल्याची खूण मानावी. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या, आणि जिथे धमनी शिरेला ओलांडते तिथे शीर दबलेली दिसत होती. त्या दिवशी मी हे ‘उच्च रक्तदाबाचे परिणाम’ म्हणून नोंदवले आणि पान उलटले.

निदान झाले ते ‘नॉर्मल टेन्शन ग्लॉकोमा’चे, म्हणजे नेत्रदाब मर्यादेत असूनही नस खचवणाऱ्या काचबिंदूचे. हे निदान इतर शक्यता बाजूला सारूनच करायचे असते, म्हणून मेंदूचा एमआरआय मिरजेत करून घेतला. तो निर्दोष होता. मानेच्या धमन्यांच्या डॉपलरमध्ये थोडा थर दिसला, पण अडथळा म्हणावा असा नव्हता. हिमोग्लोबिन १२.८ होते.

उपचार ठरलेला होता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुकेंद्री अभ्यासाने दाखवले होते की या प्रकारातही नेत्रदाब ३० टक्क्यांनी उतरवला तर नसेचा ऱ्हास मंदावतो: उपचार न केलेल्यांपैकी ३५ टक्के डोळे बिघडत गेले, उपचार केलेल्यांपैकी १२ टक्के. मी नेत्रदाब उतरवणारे लॅटॅनोप्रॉस्ट रात्री एक थेंब सुरू केले आणि सहा आठवड्यांत दाब १५ वरून ११ वर आला. दिवाणजी थेंब एकदाही चुकवत नसत. ज्या माणसाने चाळीस वर्षांत रोजकीर्द शिल्लक ठेवली नाही, त्याला थेंबाची वेळ पाळायला सांगावे लागत नाही.

तरीही ऑक्टोबर २०२२ च्या फील्ड टेस्टमध्ये घसरण दिसली. दृष्टिक्षेत्राची एकूण उणीव डेसिबलमध्ये मोजतात. ती उणे ५.१ वरून उणे ७.० वर गेली होती, आणि डिस्कच्या कडेला रक्ताची नवी रेघ होती. मी टिमोलॉलचे थेंब सकाळ-रात्र असे वाढवले. दाब १० झाला. मे २०२३ मध्ये उणीव उणे ८.९ होती. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा दर दोन तासांनी दाब मोजून पाहिला. तो ९ ते १२ च्या बाहेर गेला नाही. पंधरा महिन्यांत जवळपास ४ डेसिबल, तेही एकुलत्या कामाच्या डोळ्यात आणि दृष्टीच्या मध्यबिंदूला खेटून. शस्त्रक्रिया करून दाब आणखी खाली न्यावा का, याचा विचार मी करत होतो आणि मनातून कचरत होतो, कारण १० वरून ७ वर जाऊन नेमके काय हाती लागेल याची खात्री वाटत नव्हती, आणि शस्त्रक्रियेत काही बिघडले असते तर वाचण्यापुरती उरलेली दृष्टीही पणाला लागली असती.

त्या भेटीला त्यांच्या पत्नी बरोबर होत्या. मी शस्त्रक्रियेविषयी बोलत असताना त्या मध्येच म्हणाल्या, “डॉक्टर, डोळ्याचं बघताय तसं ह्यांच्या चक्करचंही कुणाला तरी विचारा. पहाटे लघवीला उठले की भिंत धरूनच जातात. परवा तर मोरीच्या उंबऱ्यावरच बसले.” दिवाणजींनी हात उडवून तो विषय झटकला. मी मात्र काकूंना सगळी औषधे घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितले.

त्यांनी बेदाण्याचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा आणला. आत रबर लावलेल्या गोळ्यांच्या दोन जुड्या होत्या आणि प्रत्येकीवर काकूंच्या अक्षरातली चिठ्ठी होती. ‘सकाळी’ असे लिहिलेल्या जुडीत रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनची एकच पट्टी. ‘रात्री जेवल्यावर’ या जुडीत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणाऱ्या औषधाची एकत्र गोळी, आणि टॅमसुलोसिन. शेजारी माझ्या दोन बाटल्या, त्यांपैकी टिमोलॉलचा दुसरा थेंबही रात्रीचाच. टेल्मिसार्टनची ही रक्तदाबाची गोळी पूर्वी सकाळी होती. २०१९ च्या अखेरीस ‘रात्री घेतलेली गोळी हृदयाला जास्त तारते’ असा एका स्पॅनिश अभ्यासाचा गवगवा झाला, त्याचा संदेश फिरत फिरत दिवाणजींच्या मोबाइलवर आला आणि त्यांनी वेळ बदलली. टॅमसुलोसिन मूत्ररोगतज्ज्ञांनी दिलेले, आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल करताना ते रक्तवाहिन्याही काही अंशी सैल करते. टिमोलॉल मी दिलेले. डोळ्यात घातलेला थेंब नाकाच्या वाटेने रक्तात उतरतो आणि नाडी मंद करतो, आणि गंमत नव्हे तर खंत ही की झोपेत त्याचा नेत्रदाबावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. रात्रीच्या त्या थेंबाने डोळ्याला दिले काही नाही, रक्तदाबाकडून मात्र घेतले. यांपैकी एकही औषध चुकीचे नव्हते. पण ती सगळी एकाच माणसाच्या एकाच रात्रीत येऊन पडत आहेत, हे बेदाण्याच्या त्या डब्याखेरीज कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. रुग्णाला सव्वा वर्ष ओळखत असताना मी त्यांच्या डोळ्याखेरीज काही विचारले नव्हते, ही माझी चूक.

आता वय झालेल्या रक्तवाहिन्यांकडे येतो, कारण त्याशिवाय रात्रीच्या गोळ्यांचा हिशेब पुरा होत नाही.

तरुणपणी हृदयातून निघणारी महाधमनी लवचीक असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला ती फुगते, धक्क्यातला जोर स्वतःत साठवते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत तो हळूहळू पुढे सोडते. म्हणून हृदय थांबलेले असतानाही रक्त वाहत राहते. वयाबरोबर धमनीच्या भिंतीतील इलॅस्टिनचे धागे तुटतात, त्यांची जागा ताठ कोलॅजेन घेते, जागोजागी चुना साचतो. ठिबकची नळी वर्षानुवर्षे द्राक्षबागेत उन्हात पडून राहिली की ती दाबली तरी दबत नाही, तशी ही भिंत होते. मग ठोक्याचा धक्का शोषला जात नाही आणि वरचा रक्तदाब वाढतो. साठवलेला जोर नसल्यामुळे मधल्या विश्रांतीत दाब टिकत नाही आणि खालचा उतरतो. पन्नाशी-साठीनंतर वरचा आकडा चढत राहावा आणि खालचा घसरत जावा, हे म्हणूनच नेहमी दिसते. दिवाणजींचा रक्तदाब दवाखान्यात १५०/६६ होता. दोन आकड्यांत ८४ चे अंतर. पाहणाऱ्याचे लक्ष १५० कडे जाते आणि गोळी वाढते. ती वरच्या आकड्याबरोबर खालचाही उतरवते, जो आधीच खाली होता.

डोळ्याची नस जिथे डोळ्यातून बाहेर पडते, तिथे तिचे दहा-बारा लाख तंतू चाळणीसारख्या पडद्यातून जातात. त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांचे वाटप असे असते की एकीचा पुरवठा कमी झाला तर शेजारचीला तो सहसा भरून काढता येत नाही. कालव्याच्या टेलला शेत असलेला शेतकरी हे पटकन समजेल: आवर्तन जरा कमी झाले की आधी त्याचेच रान कोरडे राहते. भारतात जन्मलेले आणि अमेरिकेत आयोवा येथे कारकीर्द घडवलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी या रक्तपुरवठ्याचा आयुष्यभर अभ्यास केला आणि १९९४ मध्ये रात्री फार उतरणारा रक्तदाब व नसेचे नुकसान यांचा संबंध मांडला.

निरोगी माणसाचाही रक्तदाब झोपेत १० ते २० टक्के उतरतो. तेव्हा नसेतील सूक्ष्म धमन्या आपोआप रुंदावतात आणि प्रवाह पूर्ववत ठेवतात. वय झालेल्या धमनीला हे नीट साधत नाही: तिची भिंत जाड झालेली असते, आतल्या अस्तरातून निघणारे, धमनी रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड कमी झालेले असते, आणि बरीच वर्षे उच्च रक्तदाबात गेली असतील तर ती वरच्या दाबालाच सरावलेली असते. म्हणजे जो उतार चाळिशीतला माणूस झोपेत निभावून नेतो, तो सत्तरीतल्याला जड जातो. पडद्यावरच्या अरुंद धमन्यांविषयी मात्र मी सावधपणे बोलेन. त्या बिघाडाचे कारण असू शकतात, तसेच परिणामही. नस खचली की तिला रक्त कमी लागते आणि धमन्या त्याप्रमाणे आकसतात. ओसीटी अँजिओग्राफीत (डोळ्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या चित्रात) दिसणाऱ्या विरळ जाळीबाबतही हीच अडचण आहे.

जून २०२३ मध्ये मिरजेतील त्यांच्या फिजिशियनशी बोलून चोवीस तासांचे रक्तदाब-मापन केले. दंडाला पट्टा, कमरेला यंत्र, दिवसा दर अर्ध्या तासाने आणि रात्री तासाने फुगणारे. ते लावून दिवाणजी नेहमीप्रमाणे सौद्याला गेले. दिवसाची सरासरी १४६/६८ आली, रात्रीची १०४/५०. पहाटे तीनच्या सुमाराची नोंद ८८/४२ होती. वरच्या दाबात जवळपास २९ टक्के उतार. पट्ट्यामुळे झोप चाळवते आणि दाब थोडा चढाच राहतो, हे लक्षात घेता खरा उतार याहून मोठा असण्याची शक्यता होती. चक्कर आणि भिंत यांचा उलगडा तिथेच झाला.

आता वजाबाकी. नसेपर्यंत रक्त ढकलणारा जोर ढोबळमानाने खालच्या रक्तदाबातून नेत्रदाब वजा करून कळतो. दिवसा ६८ उणे १०, म्हणजे ५८, चिंता नाही. पण आडवे झाल्यावर नेत्रदाब वाढतो. मी त्यांना तपासणीच्या पलंगावर अर्धा तास निजवून हातात धरायच्या उपकरणाने मोजला, तो १४ भरला. पहाटे तीनचे गणित ४२ उणे १४, म्हणजे २८. अमेरिकेतील बाल्टिमोर नेत्र-पाहणीने १९९५ मध्ये नोंदवले होते की हा आकडा ३० च्या खाली असलेल्यांत काचबिंदूचे प्रमाण सहापट होते. ती मोजमापे बसलेल्या माणसांची होती, म्हणून दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवणे बरोबर नाही. तरी दिशा स्पष्ट होती. मी पंधरा महिने या वजाबाकीतला धाकटा आकडा १५ वरून १० वर आणण्यात घालवले आणि मोठा आकडा रात्री २६ ने घसरत होता.

दिवाणजींना हा हिशेब मांडून दाखवला. त्यांना तो माझ्याआधी समजला असावा, कारण मी उत्तर लिहायच्या आत ते म्हणाले, “मग बीपीची गोळी बंदच करतो.” मी तितक्याच ठामपणे नको म्हटले. १४६ चा दिवसाचा दाब उघडा सोडला तर पक्षाघात डोळ्याची वाट पाहत बसत नाही. रक्तदाब वाढू द्यायचा नव्हता, रात्रीचा खड्डा बुजवायचा होता, आणि ते काम फिजिशियनच्या हातचे होते. मी फक्त आकडे घेऊन त्यांच्यासमोर बसलो.

त्यांनी लघवीचे औषध काढले आणि टेल्मिसार्टन एकटे, न्याहारीनंतर दिले. वेळ बदलल्याने हृदयाचे नुकसान होईल ही भीती दिवाणजींना होती. त्यावर ब्रिटनमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे उत्तर होते: एकवीस हजारांहून अधिक रुग्णांत सकाळची गोळी आणि संध्याकाळची गोळी यांच्या परिणामांत फरक आढळला नव्हता. हृदयाला वेळेचे सोयरसुतक नसेल, तर ती डोळ्याच्या सोयीने ठरवायला काय हरकत? अॅम्लोडिपिन होते तसेच ठेवले. ते शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळते, त्याची वेळ बदलून काही साधत नाही. मूत्ररोगतज्ज्ञांनी टॅमसुलोसिन न्याहारीनंतर घ्यायला संमती दिली. टिमोलॉल मी थांबवले आणि ब्रिंझोलॅमाइड सुरू केले, जे झोपेतही नेत्रदाब उतरवते. पहाटे उठताना आधी दोन मिनिटे पलंगावर पाय सोडून बसायचे, हे काकूंनी आपल्याकडे घेतले.

सहा आठवड्यांनी पुन्हा चोवीस तासांचे मापन केले. दिवसा १४२/७०, रात्री १२२/६०, सर्वांत खालची नोंद १०८/५४. उतार १४ टक्के. निजून मोजलेला नेत्रदाब १४ च राहिला, पण पहाटेची वजाबाकी आता ४० होती. चक्कर पहिल्या पंधरवड्यातच थांबली होती. पुढच्या सोळा महिन्यांत फील्ड टेस्ट तीनदा झाली: उणे ९.१, उणे ९.०, उणे ९.४. रक्ताची नवी रेघ एकदाही दिसली नाही.

या आकड्यांवर मी किती भार टाकतो, तेही लिहिले पाहिजे. फील्ड टेस्टमध्ये अर्ध्या-एक डेसिबलचा फरक झोप नीट न झाल्यानेही पडतो. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या, त्यामुळे श्रेय कोणत्या एकीचे, हे सांगता येत नाही. नवे थेंबही त्यात आले. शिवाय वाईट काळानंतर काही काळ बरा जाणे हा या आजाराचा स्वभावच आहे. एका रुग्णावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पण शस्त्रक्रियेचा विचार मी तूर्त बाजूला ठेवला आहे, आणि साठीपुढच्या ज्या रुग्णाची नस दाब आटोक्यात असूनही खचते आहे, त्याला आता पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारतो: रात्री कोणत्या गोळ्या घेता, पहाटे उठताना तोल जातो का, आणि रक्तदाबाचा खालचा आकडा किती असतो.

दिवाणजींचा मोतीबिंदू आता खरोखरच काढण्याजोगा होत आला आहे. टॅमसुलोसिन घेणाऱ्यांची बाहुली शस्त्रक्रियेच्या वेळी आकसते आणि बुबुळामागचा पडदा सैल पडून फडफडतो, म्हणून ती नोंद त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने केली आहे. थंडीत रक्तदाबाची चाल बदलते, त्यामुळे जानेवारीत फिजिशियन पुन्हा मापन घेणार आहेत. पुसला गेलेला आकडा अर्थातच परत आलेला नाही. नसेचे मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत. दिवाणजी आता खतावणीवर फूटपट्टी ठेवून, पान थोडे तिरके धरून बेरीज करतात, आणि मागच्या भेटीत त्यांनी सांगितले की त्या जागेची रुंदी वाढलेली नाही, ते दर पाडव्याला पेनाने मोजून ठेवतात.